एक्स प्लस दाबलं की टेबल डावीकडेच गेलं पाहिजे

जुन्या सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या) मिलिंगवर रेट्रोफिटची, म्हणजे नवा कंट्रोल-मोटर बसवायची, कामं करताना सगळ्यात जास्त वेळ कशात जातो असं कुणी विचारलं तर मी मोटर, ड्राइव्ह, पॅनल यातलं काही सांगणार नाही, दिशा सांगेन. कुठला ॲक्सिस (एक्स डावं-उजवं, वाय पुढे-मागे, झेड वर-खाली) कुठल्या बाजूला प्लस, एवढंच. मोटर जळली तर वास येतो, ड्राइव्ह गेला तर लाल दिवा लागतो, पण दिशा उलटी असली तर मशीन व्यवस्थित चालत राहतं, आवाज नाही, अलार्म नाही, जॉबसुद्धा निघतात, आणि चूक कधीतरी तिसऱ्याच ठिकाणी बाहेर येते, तोपर्यंत मटेरियल गेलेलं असतं.

भोसरी एमआयडीसीत एका शेडमधे नुकतंच असं एक मशीन केलं. ब्रँड लिहीत नाही, त्या मशीनच्या बांधणीत काही खोट नव्हती. छोटं व्हर्टिकल मिलिंग, एक्सचा प्रवास साधारण ४०० एमएम, मूळ कंट्रोल कधीच काढून टाकलेला, त्याजागी कुणीतरी स्टेपर मोटर (एका पल्सला एक पाऊल फिरणारी), ड्राइव्ह आणि मॅक थ्री हे पीसीवरून मशीन चालवणारं सॉफ्टवेअर बसवलेलं. पीसीवर अजून विंडोज एक्सपी, आणि ते बरोबरच आहे, कारण मॅक थ्रीचा पॅरलल पोर्टचा ड्रायव्हर ६४ बिट विंडोजवर चालत नाही. म्हणून असल्या मशीनचा पीसी 'अपग्रेड' करून देतो म्हणणाऱ्याला आधी थांबवायचं. मालकांनी हे तिसऱ्या हातानं घेतलेलं, आणि आधीच्या प्रत्येकानं त्यात काही ना काही फिरवून ठेवलेलं.

ऑपरेटर पोरगा हुशार. मला म्हणाला, "दादा, यावर नंबर उलटे येतात. आरशात दिसतात तसे. म्हणून मी कॅममधेच मिरर मारतो आणि मग पोस्ट काढतो, की सरळ येतात." (कॅम म्हणजे ड्रॉइंगवरून टूलचा रस्ता काढणारं सॉफ्टवेअर, पोस्ट काढणं म्हणजे त्यातून मशीनचा प्रोग्रॅम काढणं.)

"सगळ्या जॉबला मिरर मारतोस?"

"नाही, नंबरप्लेटला. पीसीडीवर होल मारायला काय फरक पडतोय?"

खरंच नाही पडत. पीसीडी म्हणजे ज्या वर्तुळावर होल मारायचे ते, आणि सहा होलची पीसीडी आरशात बघितली तरी सहा होलचीच. फ्लँज, गोल प्लेट, मधे एक बोअर, हे सगळं दोन्ही बाजूंनी सारखं असतं म्हणून अशा मशीनवर वर्षानुवर्षं काम निघतं आणि कुणाला पत्ता लागत नाही. मग एक दिवस डाव्या हाताचा ब्रॅकेट येतो, एका बाजूला खिसा, दुसऱ्या बाजूला टॅप होल, आणि अख्खी बॅच उजव्या हाताची निघते. मालक काकांनी मला फोन केला तो त्या बॅचनंतर.

आधी मूळ गोष्ट, कारण सगळा घोळ इथूनच सुरू होतो. सीएनसीत प्लस-मायनस ठरतं ते टूलच्या हालचालीवरून, टेबलच्या नाही. जॉब जागेवर आहे आणि टूल त्याच्यावर फिरतंय असं धरायचं, मग प्रत्यक्षात काहीही हलत असू दे. आयएसओ ८४१ मधे हेच दिलेलं आहे. उजवा हात धरा, अंगठा एक्स, पहिलं बोट वाय, मधलं बोट झेड, तिन्ही एकमेकांना काटकोनात, झाले तुमचे तीन प्लस. आता व्हर्टिकल मिलिंगवर टूल तर डावी-उजवीकडे जात नाही, टेबल जातं. म्हणजे टूल जॉबच्या उजवीकडे न्यायचं तर टेबल डावीकडे सरकलं पाहिजे. एक्स प्लस, टेबल डावीकडे. वाय प्लस म्हणजे टूल तुमच्यापासून लांब, म्हणजे टेबल तुमच्या पोटाकडे आलं पाहिजे. झेड प्लस म्हणजे टूल जॉबपासून वर, आणि ज्या मशीनवर हेड स्थिर असून नी (टेबल उचलून धरणारा खालचा भाग) वरखाली होते तिथे झेड प्लसला नी खाली गेली पाहिजे.

हे वाचायला सोपं वाटतं. पण मशीनसमोर उभं राहून कीबोर्डचा उजवा बाण दाबला आणि टेबल डावीकडे पळालं की दहातले नऊ जण म्हणतात हे उलटं आहे. माणसाची नजर टेबलवर असते, डोळ्यासमोर तेच हलतंय. मग कुणीतरी सेटिंगमधे जाऊन 'दुरुस्त' करतो. त्या क्षणापासून मशीन डाव्या हाताचं झालं. मला याचा राग येत नाही, पण वाईट वाटतं, कारण दुरुस्त करणाऱ्याचा हेतू चांगला असतो आणि त्याचा भुर्दंड मशीनवर पुढची कितीतरी वर्षं काम करणारे भरतात.

एकच ॲक्सिस उलटा असला तर आकृती आरशातली येते. एक्स आणि वाय दोन्ही उलटे असले तर आकृती नुसती १८० अंशात फिरते, आरशातली होत नाही, आणि जॉब वाइसमधे फिरवून लावला की बरोबर दिसतो, त्यामुळे दोन उलटे ॲक्सिस एकापेक्षा जास्त दिवस लपून राहतात. झेडचं मात्र लपत नाही, ते पहिल्याच जॉगला, म्हणजे बटण दाबून ॲक्सिस हलवताना, टूल मोडून सांगतं.

अजून एक गोष्ट जी फारसं कुणी बोलत नाही. एक ॲक्सिस उलटा असला की जी०२ (घड्याळाच्या काट्याप्रमाणे) लिहिलेला आर्क प्रत्यक्षात जी०३ (उलट्या) सारखा फिरतो. स्पिंडल मात्र एम०३ या चालू करायच्या कोडला तसाच घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरतोय. म्हणजे कॅममधे तुम्ही क्लाइंब मिलिंग (कापताना धार आणि जॉब एकाच दिशेनं सरकतात) निवडलंय आणि मशीनवर होतंय कन्व्हेन्शनल (त्याच्या उलट). माप बरोबर येतं, कारण टूलच्या जाडीचं कॉम्पेन्सेशनपण टूलपाथबरोबर आरशातलं होऊन जातं, पण भिंतीचं फिनिश वेगळं येतं, टूलचं आयुष्य वेगळं, बर वेगळ्या कडेला. या शेडमधे ॲल्युमिनियमला भिंतीवर घासल्यासारखं फिनिश येतंय अशी तक्रार होतीच, आणि त्यासाठी कटर बदलून, फीड बदलून, कूलंट बदलून झालं होतं. यात गंमत अशी की स्क्रू झिजलेला असेल, बॅकलॅश (स्क्रू-नटमधला ढिलेपणा) असेल, तर कन्व्हेन्शनल मिलिंग अशा मशीनला उलट सोसतं, कटर जॉबला आत ओढत नाही. त्यामुळे चुकीच्या दिशेनं जुन्या स्क्रूला सांभाळून घेतलं असंही होतं, आणि दिशा सरळ केल्यावर बॅकलॅश अचानक जाणवायला लागतो. मालकांना हे आधीच सांगून ठेवावं, नाहीतर ते म्हणणार तुम्ही हात लावला आणि मशीन बिघडलं.

आता प्रत्यक्ष काम. गुरुवार होता, आमच्याकडे एमआयडीसीला सुट्टी, शेडमधे गर्दी नाही, असलं काम शांतपणेच करायला लागतं.

सगळ्यात आधी मॅक थ्रीच्या फोल्डरमधली प्रोफाइलच्या नावाची एक्सएमएल फाइल पेनड्राइव्हवर. सगळं सेटिंग त्या एका फाइलमधे असतं, आणि ही कॉपी न घेता सेटिंगला हात लावणारा माणूस मी माझ्या मशीनजवळ येऊ देत नाही. मग टूल आणि कोलेट (टूल पकडणारी बाही) काढून स्पिंडल रिकामा, झेड वर, टेबल हातानं फिरवून प्रवासाच्या मध्यावर. होम करायचं नाही, म्हणजे मशीनला टोकाच्या स्विचपर्यंत जाऊन शून्य घ्यायला लावायचं नाही. दिशा आणि होमिंग दोन्ही संशयित असताना होम मारणं म्हणजे टेबल कुठल्या टोकाला जाऊन आपटेल याचा भरवसा नाही. जॉग एक एक एमएमचा, फीड कमी, आणि एक हात इमर्जन्सीवर.

मास्किंग टेपच्या पट्ट्या टेबलवर, सॅडलवर (टेबलखालचा, वायला सरकणारा भाग) आणि हेडवर लावल्या आणि प्रत्येक ॲक्सिसला प्लस दाबून प्रत्यक्ष काय हलतंय त्याचा बाण मार्करनं काढला. हे करताना स्क्रीनवरचा आकडा वाढतोय ना तेही बघायचं, कारण काही मशीनवर जॉगची बटणंच उलटी जोडलेली असतात, प्लस दाबलं की आकडा कमी होतो, तेव्हा चूक ॲक्सिसची नसते, बटणाची असते. इथे आकडे बरोबर होते. एक्स प्लसला टेबल उजवीकडे गेलं. चूक. वाय बरोबर, झेड बरोबर.

बरेच जण इथे थांबतात, एक्सला एक टिक मारतात आणि बिल देतात. पण बरोबर चालणारा ॲक्सिस कशामुळे बरोबर चालतोय तेही बघायलाच हवं.

स्टेपर असलेल्या मॅक थ्री मशीनवर दिशा उलटवायच्या तीन जागा आहेत. पहिली, मोटरच्या वायरी. चार वायरीच्या मोटरला ए आणि बी असे दोन कॉइल, त्यातल्या एका कॉइलच्या दोन वायरींची अदलाबदल केली की मोटर उलटी फिरते. दोन्ही कॉइलच्या केल्या तर पुन्हा होती तशीच. ए ची एक आणि बी ची एक अशी सरमिसळ झाली तर मोटर फिरत नाही, नुसती थरथरते. दुसरी जागा, पोर्ट्स अँड पिन्समधे मोटर आउटपुट्सच्या पानावर 'डिर लो ॲक्टिव्ह'ची टिक, डिर म्हणजे दिशेचा सिग्नल. तिसरी, होमिंग अँड लिमिट्सच्या पानावर 'रिव्हर्स्ड'ची टिक. आणि तीन वेगवेगळ्या माणसांनी आपापल्या काळात आपापल्या माहितीतली जागा वापरली की काय होतं ते या मशीनमधे दिसलं. एक्सला तिन्ही जागी उलटं केलेलं. वायला दोन्ही टिक मारलेल्या, म्हणजे उलट्याचं उलटं होऊन सरळ. झेड वायरीत उलटा करून बरोबर आणलेला, ड्राइव्हच्या टर्मिनलवर लाल-निळ्याची अदलाबदल आणि वर पिवळी पडलेली इन्सुलेशन टेप.

मी काय करतो, सगळं आधी शून्यावर आणतो. मेन बंद, ड्राइव्हचे दिवे विझेपर्यंत आणि वर थोडा वेळ थांबायचं, कॅपॅसिटरमधे चार्ज असतो. चालू ड्राइव्हवरून स्टेपरची वायर कधीही काढायची नाही, ड्राइव्ह जातोच, आणि सैल स्क्रूमुळे वायर निसटली तरी तेच होतं. तिन्ही मोटरच्या वायरी रंगाप्रमाणे एकसारख्या लावल्या, ज्या नुसत्या पिळून खुपसल्या होत्या त्यांना फेरूल मारले, आणि सॉफ्टवेअरमधल्या दिशेच्या सगळ्या टिक काढल्या. मग पुन्हा टेप, पुन्हा बाण. एक्स आपोआप बरोबर आला, वाय बरोबर, झेड उलटा. झेडला 'डिर लो ॲक्टिव्ह'ची एक टिक, बाकी कुठेही काही नाही. 'रिव्हर्स्ड'चा रकाना पूर्ण रिकामा. दिशा फक्त एकाच पानावर बदलायची हे एकदा ठरवलं की पुढे येणाऱ्या माणसाला कुठे बघायचं ते कळतं. मोटर उलटी का फिरते याचं कारण शोधत बसायची गरज नसते, कुणी मोटर दुसऱ्या बाजूनं बसवली असेल, मधे गिअरची जोडी असेल तर ती दिशा उलटवते, टायमिंग बेल्ट उलटवत नाही, ही सगळी मेकॅनिकल कारणं त्या एका टिकमधे मिटतात.

त्याच पानावर शेजारच्या रकान्यात 'स्टेप लो ॲक्टिव्ह' असतं आणि ते लोक डिरच्या नादात चुकून फिरवून ठेवतात. याची खोड फार वाईट आहे. मोटर फिरते, दिशा बरोबर, माप बरोबर, आणि तरी लांबलचक प्रोग्रॅमनंतर जॉब सरकलेला. ड्राइव्ह स्टेपच्या सिग्नलची एकच कड मोजतो, एकतर वर जातानाची किंवा खाली येतानाची, आणि त्या क्षणी दिशेचा सिग्नल आधीच स्थिर झालेला असावा लागतो. पोलॅरिटी चुकली की दिशा बदलताना एखादा पल्स जुन्या दिशेत किंवा नव्या दिशेत चुकीचा मोजला जातो. या मशीनवर मोटरचे २०० स्टेप, १० मायक्रोस्टेप, म्हणजे एका फेऱ्याला २००० पल्स, बॉलस्क्रूचा पिच ५, म्हणजे एमएमला ४०० पल्स, एक पल्स म्हणजे ०.००२५ एमएम. एवढ्यानं काय होतंय असं वाटेल, पण थ्रीडी फिनिशिंगमधे दिशा हजारो वेळा बदलते, आणि हजार वेळा एक एक पल्स एकाच बाजूला गेला तर अडीच एमएम होतात.

हे शोधायला डायल गेज लावून एक साधा प्रोग्रॅम चालवतो, एक्स शून्य ते दहा आणि परत शून्य, खूप वेळा, काही न कापता. डायलचा काटा बघायचा. प्रत्येक फेरीत चूक वाढत वाढत एकाच बाजूला चाललीय तर पोलॅरिटी बघा, किंवा मोटर ट्यूनिंगमधे डिर पल्सची वेळ वाढवून बघा. दोन्ही बाजूंनी येताना फरक पडतोय पण तो तेवढाच राहतोय, वाढत नाही, तर बॅकलॅश. कधी पडतोय कधी नाही, पडला की बराच पडतोय, तर मोटर स्टेप सोडतेय, ॲक्सिलरेशन कमी करा, कपलिंगचा ग्रब स्क्रू बघा, स्पिंडलच्या केबलजवळून सिग्नलची वायर गेलीय का बघा. या एका टेस्टनं इतकं कळतं की मी ती प्रत्येक मशीनवर करतो, तक्रार काही का असेना. इथे एक्सची चूक वाढत होती. 'स्टेप लो ॲक्टिव्ह'ची टिक काढली, काटा परत परत त्याच रेघेवर यायला लागला. ऑपरेटर शेजारी वाकून बघत होता, म्हणाला, "दादा, मग ते एनग्रेव्हिंग शेवटी शेवटी सरकायचं ते हेच." हेच.

दिशा बदलली की काम अर्धंच झालेलं असतं, कारण आता प्लसचं टोक दुसरीकडे गेलं. आधी एक्स होम प्लसकडे जायचा, म्हणजे टेबल उजव्या टोकाला जाऊन स्विच दाबायचं. स्विच अजून तिथेच बसलंय. पण आता टेबल उजव्या टोकाला असणं म्हणजे टूल जॉबच्या डावीकडे, म्हणजे एक्सचं मायनस टोक. असंच होम मारलं असतं तर टेबल डावीकडे निघालं असतं जिथे होमचं स्विचच नाही, आणि थांबलं असतं ते लोखंडावर आपटून. दोन रस्ते, एकतर स्विच काढून दुसऱ्या टोकाला लावा, नाहीतर एक्सला 'होम नेग'ची टिक मारा. मोठ्या व्हीएमसीवर (व्हर्टिकल मशीनिंग सेंटर) एक्स, वाय, झेड तिन्ही होम बहुतेक प्लसकडे असतात, पण तसं असलंच पाहिजे असं काही नाही. इथे स्विचला चांगलं कव्हर होतं, केबल धड होती, चिप जात नव्हती, म्हणून मी स्विच तसंच ठेवलं आणि टिक मारली. मग सॉफ्ट लिमिट (सॉफ्टवेअरमधली प्रवासाची हद्द) उलटे करायचे, आधी कमाल ० आणि किमान उणे ४०० होतं, आता किमान ० आणि कमाल ४००.

आणि पहिलं होमिंग कसं करायचं, तर टेबल मध्यावर ठेवून होमिंगचा वेग कमी करून होम द्यायचं आणि टेबल निघालं की स्विच स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं आपण दाबायचं. टेबल थांबून उलटं फिरलं पाहिजे, आणि स्विच सोडल्यावर थांबलं पाहिजे. म्हणजे स्विच वाचलं जातंय, दिशा बरोबर आहे, स्विच सोडताना मशीन योग्य बाजूला सरकतंय, तिन्ही गोष्टी टेबलला टोकाला न नेता कळल्या. मगच खरं होम.

यानंतर जी५४ चे (जॉबच्या शून्याचे) जुने आकडे, टूल बदलायची जागा, जी२८ ची (परत जाऊन थांबायची) जागा, सगळं पुसून नवीन घेतलं. लोक हे विसरतात. जुन्या दिशेतले ऑफसेट नव्या दिशेत वापरले की टूल थेट वाइसमधे.

मग पेनची टेस्ट. स्पिंडलमधे कोलेटला स्प्रिंगवर हलणारा बॉलपेन धरला, टेबलवर कागद चिकटवला आणि इंग्रजी एफ काढला. वाय शून्य ते ३० उभी रेघ, वरच्या टोकावरून एक्स प्लस १५ ची आडवी, मधून एक्स प्लस १० ची छोटी. एफच का, तर ते डावं-उजवं आणि वर-खाली दोन्हीकडून वेगळं दिसतं. ए, टी, एम काढलं तर आरशातलं आहे हे कळणारच नाही, एच किंवा ओ काढलं तर काहीच कळणार नाही. मशीनसमोर ऑपरेटरच्या जागी उभं राहून एफ सरळ वाचता आला पाहिजे. डोकं खाली आणि दांडी डावीकडे असेल तर दोन्ही ॲक्सिस उलटे, डोकं वरच असून दांडी डावीकडे असेल तर एक्स, डोकं खाली असून दांडी उजवीकडेच असेल तर वाय. कागदावर सरळ एफ उमटला तेव्हा पोरगा हसला आणि मग लगेच म्हणाला, "मग माझे जुने प्रोग्रॅम?"

हा प्रश्न फार महत्त्वाचा होता. त्यानं नंबरप्लेटचे सगळे प्रोग्रॅम मिरर मारून काढलेले, वहीत जॉब नंबरसमोर 'मि' लिहून ठेवलेलं, अगदी नीट. ती वही नसती तर कुठला प्रोग्रॅम कसा हे शोधायला आम्ही हैराण झालो असतो. बसून 'मि' असलेले सगळे प्रोग्रॅम वेगळ्या फोल्डरमधे टाकले, कॅममधून पुन्हा सरळ पोस्ट काढले. पीसीडीवाले तसेच चालले. सिस्टिम समजून घेऊन तिच्याभोवती काम काढायची ज्याला अक्कल आहे असा ऑपरेटर मिळणं सोपं नाही, मालकांना मी हे त्याच्यासमोरच सांगितलं.

कीबोर्डचं राहिलं. उजवा बाण दाबला की टेबल डावीकडे जातं हे त्याला पहिले काही तास त्रासदायक होणारच. जॉगची बटणं तेवढी उलटी करून देता येतात, पण मी देत नाही. त्याऐवजी हेडच्या पुढच्या पत्र्यावर, टूलच्या वर, एक्स प्लस आणि वाय प्लसचे बाण चिकटवून दिले, टेबलवर नाही, हेडवर. 'हे टूल या बाजूला जातंय' असं डोक्यात बसलं की पुढे कुठल्याही कंपनीत कुठल्याही व्हीएमसीवर तो बिनधास्त उभा राहील.

स्पिंडलची दिशाही त्याच वेळी बघून घ्यावी, वरून खाली बघताना एम०३ ला घड्याळाच्या काट्याप्रमाणे. उलटा असेल आणि व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) असेल तर इनपुटचे फेज बदलून काही होत नाही, आउटपुटच्या यू, व्ही, डब्ल्यू मधल्या दोन बदलायच्या, तेही अर्थात मेन बंद करून.

आता सर्व्हो असलेल्या जुन्या मशीनवाल्यांसाठी वेगळं आणि ठळक लिहितो, कारण वरचं वाचून कुणी तिथे वायरी बदलायला जाऊ नये. स्टेपरला फीडबॅक नसतो म्हणून वायर उलटी केली की काम झालं. सर्व्होला एनकोडर (जागा मोजणारा) असतो, जुन्या डीसी सर्व्होला टॅको (वेग मोजणारा) पण असतो. नुसती मोटर उलटी केली आणि फीडबॅक तसाच ठेवला तर कंट्रोल म्हणतो डावीकडे चल, मोटर जाते उजवीकडे, चूक वाढते, कंट्रोल अजून जोर लावतो, आणि ॲक्सिस पूर्ण वेगात टोकाला जाऊन आपटतो. ब्रेक दाबावा आणि गाडीनं वेग घ्यावा असं ते आहे, आणि विचार करायला वेळ मिळत नाही. डीसी सर्व्होला आर्मेचर आणि टॅको दोन्ही एकदम उलटवायचे, शिवाय एनकोडरचे ए आणि बी पण. एसी सर्व्होच्या यू, व्ही, डब्ल्यू ला दिशेसाठी हात लावायचाच नाही, तिथे मोटरचं कम्युटेशनच, म्हणजे कॉइलला करंट द्यायचा क्रमच, बिघडतं.

फॅनक कंट्रोलच्या झिरो-आय, सोळा, अठरा या सिरीजमधे यासाठी पॅरामीटर २०२२ आहे, किंमत १११ किंवा उणे १११, तिसरी कुठली टाकली तर ४१७ अलार्म. बदलल्यावर पॉवर बंद करून चालू करायला लागते. रेफरन्स कुठल्या बाजूला जायचं ते वेगळं, १००६ च्या पाचव्या बिटमधे, आणि ॲब्सोल्यूट एनकोडर असेल तर १८१५ मधून झिरो पुन्हा बसवायला लागतो. स्केल (जागा मोजणारी पट्टी) वेगळी लावलेली असेल तर तिची दिशा वेगळी जुळवायची. लिनक्स सीएनसीवाल्यांनी आयएनआय फाइलमधल्या 'स्केल' या आकड्यापुढे मायनस द्यावा, होमिंगची दिशा होम सर्च व्हेलच्या चिन्हावरून ठरते. जीआरबीएल या छोट्या कंट्रोलमधे डॉलर ३, एक्सला १, वायला २, झेडला ४, जे उलटवायचे त्यांची बेरीज, होमिंगसाठी डॉलर २३.

सर्व्होवर पहिली टेस्ट नेहमी मोटर स्क्रूपासून सोडवून, बेल्ट किंवा कपलिंग काढून. आणि झेडचा बेल्ट काढायच्या आधी हेडखाली लाकडाचा ठोकळा. ब्रेक मोटरमधे असतो, बेल्ट काढला की हेडला धरून ठेवणारं काहीच उरत नाही, शंभर-दोनशे किलोचं लोखंड खाली येतं. हे मी ज्याला शिकवतो त्याच्याकडून पहिल्यांदा ठोकळाच ठेवून घेतो, पाना नंतर.

भोसरीच्या मशीनला संध्याकाळी तोच डाव्या हाताचा ब्रॅकेट एका स्क्रॅप तुकड्यावर लावला. खिसा बरोबर बाजूला, टॅप होल बरोबर बाजूला, भिंतीचं फिनिशही सुधारलं. वायला मात्र क्लाइंबला कटर किंचित ओढतोय हे कोपऱ्यातल्या खुणेवरून दिसलं, डायल लावला तर ०.०६ बॅकलॅश. काकांना सकाळीच सांगून ठेवलेलं असल्यानं ते नुसतं "किती लागतील?" एवढंच म्हणाले. थ्रस्ट बेअरिंगचा लॉकनट सैल आहे का बॉलनटच झिजलाय हे सॅडलचं कव्हर काढल्याशिवाय कळणार नाही, ते येत्या गुरुवारी. तोपर्यंत नवीन एक्सएमएलची एक कॉपी पीसीत, एक काकांच्या मेलवर, आणि कुठल्या ॲक्सिसला कुठली टिक आहे त्याचा कागद पॅनलच्या दाराला आतून चिकटवलाय.